कोरड

सोनई, ता. नेवासा
१२ डिसेंबर २०२४

उझ्मा बेटा,

तुला खूप दुआ. परवा तू पुन्हा फोन केलास आणि मी पुन्हा तो तुझ्या मुमानीच्या हातात दिला. रागावू नकोस. दोन वाक्यं बोललो की माझी जीभ टाळूला चिकटते. तिसऱ्या वाक्याला पाण्याचा घोट लागतो, आणि पलीकडून तू "मामू? आवाज येतोय का?" करत बसतेस. म्हणून हे पत्र. पोस्टातला पोरगा म्हणाला, "चाचा, हाताची पत्रं आता कोन लिवतं?" मी बाटली तोंडाला लावून त्याला तिकिटाकडे बोट दाखवलं. बोलायचा कंटाळा असला की माणूस आपोआप रुबाबदार दिसतो.

गळ्याला रेडिएशनचे शेक दिले त्याला तीन वर्षं होत आली. कॅन्सर गेला, अल्लाहचे उपकार. नगरचे डॉक्टर दर तपासणीला पाठ थोपटतात. पण शेकांनी लाळ जाळली ती जाळलीच. भाकरी रश्शात भिजवून लगदा केल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. चव म्हणशील तर सगळं एकच, ओला कागद चघळल्यासारखं. जन्मभर भटारीपण केलं, नेवासा तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचं मटण माझ्या हातचं. लोक आजही भेटतात आणि त्या जेवणांची आठवण काढतात, आणि मी मान हलवतो. दमलोय बेटा. दुखत काही नाही, पण या कोरडेपणाने दमलोय.

बन्सी आठवतो ना, माझा शाळेतला दोस्त, मळ्यात राहतो तो? त्याच्या नातवाचं, पार्थचं, जावळ ईदनंतर काढायचं आहे. बोकड, गावजेवण, सगळं. तो हटून बसलाय की मटण मीच करायचं. मी हो-नाही काही बोललेलो नाही. रश्शाची चव न बघता गावजेवण करणारा भटारी कुणी पाहिलाय का?

तू तिकडे उंदरांच्या लाळेवर संशोधन करतेस. तू हा विषय घेतलास तेव्हा आम्ही हसलो होतो, आता गरज पडली. एवढंच सांग, लाळेची ग्रंथी एकदा मेली की परत उगवते का? खरं काय ते लिही.

तुझा मामू,
मोहियोद्दीन

———

बेंगळुरू
२४ डिसेंबर २०२४

मामू, सलाम.

पत्र आलं तेव्हा मी उंदरांचे पिंजरे बदलून आले होते. हॉस्टेलच्या वॉचमनने पाकीट असं दिलं, जणू आत काही स्फोटक आहे. तुमचं अक्षर बघून बरं वाटलं. बाकी इथे बरं वाटण्यासारखं फारसं काही नाही. प्रबंध लांबलाय, आणि मार्गदर्शक मॅडम भेटल्या की "आकडे कुठे?" एवढंच विचारतात.

तुमच्या प्रश्नाकडे येते. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. आतून ग्रंथी द्राक्षाच्या घडासारखी असते. बारीक मण्यांत लाळ तयार होते आणि देठासारख्या नळ्यांतून तोंडात येते. आम्ही उंदराला भूल देऊन ती मुख्य नळी दोऱ्याने बांधतो. लाळ आतच अडते. थोड्या दिवसांत मणी सुकतात, पेशी मरतात, ग्रंथी आक्रसते. पाहिलं तर वाटतं, संपली. मग आम्ही दोरा सोडतो. आणि मामू, उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. एकीच्या दोन होतात, नळीतल्या पेशीही मदतीला येतात, आणि काही आठवड्यांत घड परत भरतो. मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायला जायचं विसरले होते.

तर उत्तर आहे, हो, उगवते. शेकांमुळे झालेली इजा जरा वेगळ्या प्रकारची असते. त्यावर आमच्याकडे दुसरा गट काम करतो. त्याबद्दल सवडीने लिहीन.

तोवर बाटली जवळ ठेवा, घोट घोट पाणी प्या, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या, आणि थोडं तरी चावून खा. मुमानीला आणि फैयाजभाईला सलाम. भाई अजून शिर्डीच्या त्याच हॉटेलात आहेत, की अब्बा-अम्मींजवळ घरी आलेत?

तुमची,
उझ्मा

———

सोनई
८ जानेवारी २०२५

उझ्मा बेटा,

तुझं पत्र पाठ झालं म्हटलं तरी चालेल. मला वाटलं होतं तू गोड बोलून वेळ मारून नेशील. पण तू तर डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलंस. बांधलं, सुकलं, सोडलं, परत भरलं. अगं, हे तर दर्ग्यातल्या मन्नतीच्या धाग्यासारखं झालं. तोही बांधायचा, वाट बघायची आणि मुराद पुरी झाली की सोडायचा. फरक एवढाच की तुझ्याकडे उंदराला विचारत नाहीत.

काही गोष्टी विचारतो, म्हाताऱ्याची चौकशी समजून उत्तर दे. बांधल्यावर ग्रंथीला पूर्ण विश्रांती मिळते, म्हणजे तिच्याकडून कुणी काही मागत नाही, असंच ना? मग ती आतल्या आत ताकद साठवते का? किती काळ बांधून ठेवलं तर चांगलं? आणि फार काळ बांधलं तर बिघडतं का?

मी बन्सीला हो म्हणून टाकलं. तो चुलीजवळ बसला होता. म्हणाला, "आरं, तू लई वाळलास, मोहियोद्दीन. तुला झेपंल का?"

मी म्हटलं, "ईद होऊ दे. तवर तोंड ठिकाणावर येतंय माझं."

"कोन म्हनलं?"

"भाची म्हनली. शास्त्रज्ञ हाय ती."

यावर त्याने मान डोलावली आणि बोकड किती किलोचा घ्यायचा ते विचारलं. शास्त्रज्ञ शब्दाला सोनईत अजून वजन आहे, सांभाळून वापर.

तुझा मामू

———

बेंगळुरू
२६ जानेवारी २०२५

मामू, सलाम.

उशीर झाला. इथे एका रात्रीत वातानुकूलन बंद पडलं आणि निम्मे उंदीर गेले. वर्षभराचं काम गेलं. मॅडम रागावल्यासुद्धा नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी खोलीत येऊन बूट न काढता पडून राहिले.

तुमचे प्रश्न वाचून मात्र हसू आलं. एवढ्या बारकाईने आमच्या वर्गातली मुलंही विचारत नाहीत. आम्ही साधारण आठवडा-दोन आठवडे बांधून ठेवतो. जास्त काळ बांधलं तर सुधारायला वेळ लागतो, पण तरीही बऱ्याच प्रमाणात सुधारते. ताकद साठवते असं म्हणता येणार नाही. पण बंद असताना काही पेशी टिकून राहतात आणि वाट मोकळी झाली की कामाला लागतात, हे खरं.

जावळाचं ऐकून आनंद झाला. तुम्ही पुन्हा चुलीपाशी उभे राहणार म्हणजे बरंच झालं. दगदग मात्र फैयाजभाईंवर टाका. आणि पाणी पिताय ना?

तुमची,
उझ्मा

———

सोनई
२१ फेब्रुवारी २०२५

उझ्मा बेटा,

पाणी पितो. वेळेवर पितो.

जास्त लिहीत नाही, लवकर थकतो. थंडी गेली आणि ऊन एकदम वाढलं. जिभेला आजकाल आग होते, कडेला चिरा पडल्यात. मी त्याकडे चांगली खूण म्हणून बघतो. इतके दिवस काहीच लागत नव्हतं, आता निदान काहीतरी लागतंय. पेशी जाग्या होत असतील. एक दाढ मध्येच तुकडा पडून निघाली, पण ती जुनीच होती.

रमजान तोंडावर आलाय. तुझ्या उंदरांसाठीही दुआ करेन. नवीन आणलेस का?

मामू

———

सोनई
१३ मार्च २०२५

उझ्माला रोशनबी मुमानीचा सलाम.

मी चौथी शिकल्याली, चुका झाल्या तर हसू नको. फोनवर बोलले तर रडू यील, आनि घर लहान, ह्यांना समदं ऐकू जातं. म्हनून लिवते.

फैयाजनं तुला सांगितलं आसंल की अब्बांना जरा अशक्तपना हाय. जरा न्हाई. नगरला दवाखान्यात सलाईनवर ठिवलं हुतं. परवा घरी आनलं. दुपारी मशिदीतून येताना वाटंतच पडले. डाक्टरनी तोंड उघडून बघितलं तर आत पांढरं फोडच फोड. वठ उलले हुते. डाक्टर माज्यावरच वरडले, "पाणी देत नाही का यांना?"

मी काय सांगू. मी रोज बाटली भरून ठेवायची, सांजच्याला ती रिकामी आसायची. मला वाटायचं पितात. ते समदं पानी लिंबाच्या झाडाला घालत हुते. डाक्टरनी रोजाची मनाई केल्याली, मौलानांनीबी सांगितलं की आजारी मानसाला माफ हाय. म्हनून मी दुपारचं झाकून ठेवून पलीकडं इन्शाच्या घरी शिवायला जायचे. ते जेवन शेळीला जायचं. शेळी येवढी का सुटली म्हनून मी इचार करायचे. रमजान आत्ता लागला, पन ह्यांचं जानेवारीपासनं चालू हाय. दिवसभर तोंड बंद, पानी न्हाई, गोळी न्हाई. सांजच्याला मातुर पोटभर.

दवाखान्यात मी इचारलं, का आसं केलं. तर म्हनतात, "उझ्मानं लिवलंय. बांधायचं आनि सोडायचं. दिवसा बांधतो, सांजंला मगरिबला सोडतो."

पोरी, तू काय लिवलं हुतंस ग? खरंच उगवनार हाय का ते? आसंल तर मीच त्येंचं तोंड बांधते. आनि नसंल तर तसं सांग त्येंना. आमी कुनी सांगितलं तर ऐकत न्हाईत, तुजं ऐकतात. मी आता लई थकले.

रोशनबी

———

बेंगळुरू
१८ मार्च २०२५

मामू, सलाम.

मुमानीचं पत्र आलं. काल दिवसभर मी प्रयोगशाळेत गेले नाही. मला तुमचा राग आला, मग स्वतःचा आला, आता कुणाचाच राग करायची ताकद उरली नाही. हे पत्र सरळ लिहिते. तुम्ही डिसेंबरमध्येच खरं काय ते लिही म्हणाला होतात.

नळी बांधणं म्हणजे रोजा नाही. उपाशी राहिल्याने नळी बंद होत नाही, नुसतं तोंड सुकतं. आणि ग्रंथीला विश्रांतीची गरज नसते. तिच्याकडून मागत राहावं लागतं. चावलं, घोट घेतला, काही आंबट लागलं की मेंदूकडून नसांवाटे तिला इशारा जातो, आणि त्या इशाऱ्यावर ती जगते. आमच्या उंदरांतही त्या नसा कापल्या तर ग्रंथी नीट भरत नाही. तुम्ही नेमकं तेच बंद केलंत.

पण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली मी सवडीने लिहीन म्हणाले आणि लिहिली नाही.

दोऱ्याने बांधलेल्या ग्रंथीत मणी मरतात, पण नवीन पेशी जन्माला घालणाऱ्या पेशी वाचतात. म्हणून ती परत भरते. शेकांत त्याच मरतात. त्यांच्या जागी घट्ट चिवट धागे तयार होतात, नसा विरळ होतात. शेक दिलेल्या उंदरांच्या ग्रंथी मी पाहिल्या आहेत. शेजारच्याच टेबलावर असतात त्या. त्या भरत नाहीत. माणसात जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्ष-दोन वर्षांत येतं. तुम्हाला तीन वर्षं झाली. जगभरात लोक यावर मेहनत घेत आहेत, कुठे कुठे थोडं यश दिसतंय. पण तुम्हाला देता येईल असं आज माझ्या हातात काही नाही. तुमची लाळ परत येणार नाही, मामू. जी थोडी उरली आहे ती गोळीने, पाण्याने आणि चावून टिकवायची, एवढंच आहे.

मी हे का लिहिलं नाही, ते सांगते. इथे माझं काहीच नीट चालत नव्हतं. तुमच्या पत्रात कुणीतरी माझ्या कामाची वाट बघत होतं. तेवढं मला सोडवलं नाही.

रोजे आजच थांबवा. बन्सीकाकांना काय सांगायचं ते मी सांगू का? तुम्ही म्हणाल तसं.

उझ्मा

———

सोनई
८ एप्रिल २०२५

उझ्मा बेटा,

ईद मुबारक, उशिराने का होईना. तुझं पत्र मुमानीने रोजा सोडल्यावर वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा दवाखान्यात राहिला होता. "परत येणार नाही" इथे ती थांबली, पाणी प्यायली, आणि मग पुढे वाचलं. पाणी मला हवं होतं, पण असो.

तुझ्यावर राग नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पण मला आतून ठाऊक नव्हतं असंही नाही. दाढ निघाली तेव्हाच मन सांगत होतं की ही काही चांगली खूण नाही. पण एकदा आशा धरली की माणूस वाईट खुणासुद्धा आपल्या बाजूने मोजतो. तू तिकडे मोजत होतीस, मी इकडे. आता दोघंही थांबू. मी पाणी पितो. खरंच पितो, लिंबाचं झाड पुन्हा मरगळलंय त्यावरून ओळख.

बन्सीला तू काही सांगू नकोस, मीच सांगितलं. मी म्हटलं, "मला मीठ-मिरची काय बी कळत न्हाई. इथून पुढं बी कळनार न्हाई. दुसरा मानूस बघ."

तो म्हणाला, "मंग काय झालं? मीठ चाखाया समदं गाव पडलंय. तू नुस्ता चुलीपशी हुबा ऱ्हा."

फैयाज हॉटेलातून रजा काढून येणार आहे. मी सांगेन, तो चव बघेल. त्याचा हात मिठाला जरा पुढे आहे, बघू.

आता एक गोष्ट लिहितो, ती फोनवर मला बोलता आली नसती.

तुझं पत्र आलं त्यानंतर मला वाटलं, या पोरीने खरं लिहिलं, आता आपणही लिहू नाहीतर बोलू. तुझ्या मुमानीला मी तीन वर्षं सांगत आलो होतो की चव थोडी थोडी येते. ती ताट वाढायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी पहिला घास घेऊन म्हणायचो, मीठ बरोबर पडलंय. लग्न झाल्यापासून मी तिच्या स्वयंपाकात खोट काढत आलो, भटारी नवरा म्हटल्यावर दुसरं काय होणार. आता निदान तेवढं समाधान तिला मिळावं असं वाटायचं. तर परवा जेवायला बसलो तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, "रोशन, मला कायबी लागत न्हाई. तुला बरं वाटावं म्हनून म्हनत हुतो."

ती म्हणाली, "मला ठाव हाय."

"कसं?"

"तुमच्या तोंडाला मिठानं आग व्हायची म्हनून मी शेक संपल्यापासनं मीठच टाकत न्हाई. एक दिस बी टाकलं न्हाई. आनि तुमी रोज म्हनायचे, बरोबर पडलंय."

मी तिच्या ताटात बघितलं. तिच्या ताटातही तेच कालवण होतं, रोज तेच असायचं. आमच्या दोघांचं एकच भांडं. मी म्हटलं, "मग तू तुझ्या ताटात तरी घ्यायचं वरून."

"घेतलं आसतं तर तुमाला कळलं आसतं," ती म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

तीन वर्षं अळणी जेवली ती, उझ्मा. घरात पाहुणे आले तर म्हणायची, आमाला कमीच लागतं.

मी उठलो. मिठाचा डबा कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं, शोधून काढला. चिमूट घेतली. एका ताटाला किती लागतं ते चव गेली तरी बोटांना कळतं. तिच्या कालवणात घातली आणि तिच्यासमोर बसलो. ती मान वर न करता जेवली. ते ताट संपल्यावर तिने आणखी एक भाकरी घेतली.

तुझा मामू,
मोहियोद्दीन